चढावरच्या घराचा उतारा

बाबांना कुठलंही घर दाखवा, ते आधी त्याच्या हद्दी बघतात. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, सांडपाणी कुणाच्या बाजूने जातं, पागोळ्या कुणाच्या अंगणात पडतात. रंग, फरशा, ओटा वगैरे सगळं मागाहून. उभी नोकरी नगर भूमापनात गेली, शेवटची काही वर्षं परिरक्षण भूमापक म्हणून. माझ्या लग्नाच्या बोलणीसाठी पहिल्यांदा सासरी आले तेव्हा चहा यायच्या आत त्यांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सांगून टाकलं होतं, "तुमच्या शेजाऱ्याने कंपाउंड दीड फूट आत घेतलंय." लग्न तरीही झालं.

२०१९च्या एप्रिलमध्ये आई-बाबा आमच्याकडे नॉटिंगहॅमला आले. आई नातवात रमली. बाबांना तीन आठवड्यांत आमच्या गल्लीतली सगळी कुंपणं पाठ झाली आणि मग त्यांचे हात रिकामे पडले. एका शनिवारी त्यांना घेऊन लिंकनला गेले. गाडीने तासाभराचा रस्ता. दाखवायचं होतं कॅथीड्रल. वाटेतलं ते घर माझ्या डोक्यातही नव्हतं.

लिंकन हे दुमजली गाव आहे. खाली नदी, स्टेशन, बाजार, आणि वर डोंगराच्या माथ्यावर किल्ला नि कॅथीड्रल. स्टेशनातून निघालो तर भर बाजारात रेल्वेचं फाटक पडलेलं. दोन्हीकडे माणसं पिशव्या घेऊन उभी. बाबांचा चेहरा खुलला. "चला, इथेही फाटक आहे म्हणायचं." पुढे विदम नदीवरचा हाय ब्रिज लागला. बाराव्या शतकातला दगडी पूल, आणि पुलावर चक्क लाकडी सांगाड्याची घरं. ती नंतरची, सोळाव्या शतकातली. त्यात लोक बसून कॉफी पितायत. बाबा कठड्याशी थांबले. "पुलावर घर बांधलं तर खालची जागा कुणाच्या नावावर लावायची? नदीच्या?" मी म्हटलं, बाबा, चला, अजून पूर्ण चढ बाकी आहे.

इंग्रज माणूस नावं ठेवताना फार डोकं चालवत नाही. रस्ता अरुंद आहे म्हणून 'द स्ट्रेट'. पुढे तोच रस्ता छातीवर येतो म्हणून 'स्टीप हिल'. रोमनांच्या रस्त्याची हीच ओळ. त्यांची वसाहत, लिंडम कोलोनिया, वरच्या माथ्यावर होती आणि लंडनहून येणारा रस्ता इथूनच वर जायचा. काही भागात चढ इतका उभा आहे की भिंतीला आधाराचा लोखंडी दांडा लावलाय. बाबांचा उजवा गुडघा तोवर बोलायला लागला होता. द स्ट्रेट संपून चढ खरा सुरू होतो तिथे ते थांबले, दम खायला म्हणून एका भिंतीला हात टेकला, आणि हात तसाच ठेवून वर बघायला लागले.

"हे घर किती जुनं?"

"साधारण साडेआठशे वर्षं."

"उतारा कुणाच्या नावावर?"

मी हसले. पण खरं सांगायचं तर या घराबद्दल इतका नेमका प्रश्न मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

घराचं नाव 'ज्यूज हाउस', ज्यूचं घर. बाराव्या शतकाच्या मध्यानंतर कधीतरी बांधलेलं. इंग्लंडमध्ये उभ्या असलेल्या सगळ्यांत जुन्या शहरी घरांमध्ये त्याची गणती होते. पहिल्या नजरेला मात्र तसं काही वाटत नाही. खालच्या मजल्यावर रेस्टॉरंट, दुकानी काचा, बाहेर मेनूची पाटी. रस्त्यावरून जाणारा माणूस आत काय मिळतं ते वाचतो आणि निघून जातो. काचांच्या वरची भिंत बघायला मान मागे टाकावी लागते, आणि इतक्या चढावर मान मागे टाकायची तर आधी पाय रोवून उभं राहावं लागतं.

भिंत चुनखडीच्या दगडाची. लिंकनच्या आसपासचाच दगड, ओल्या वाळूच्या रंगाचा, जागोजागी काळवंडलेला. वरच्या मजल्यावर जोडकमानीच्या दोन खिडक्यांचे अवशेष. एका मोठ्या अर्धगोल कमानीच्या पोटात दोन लहान कमानी, अशी ती रचना. मधल्या काळात कुणीकुणी त्यात आपापल्या सोयीच्या खिडक्या बसवल्या, दगड बदलले, काही बुजवलं. तरी कमानीचा घाट कळतो. त्या काळात घरांच्या खिडक्यांना काच नसायची, लाकडी झडप असायची. थंडीत उजेड हवा तर वारा घ्या, वारा नको तर अंधारात बसा.

आणि मधोमध दार. दारावरची अर्धगोल कमान कोरीव आहे, म्हणजे होती. एकात एक गुंतलेली वेलबुट्टी असावी असा नक्षीचा माग लागतो, पण आठशे हिवाळ्यांनी ती चघळून टाकली आहे. बोटाने चाचपली तर कळते, डोळ्यांनी निम्मीच. खरी गंमत या कमानीच्या वर आहे. भिंतीतून पुढे आलेला दगडी धुराड्याचा खांब तिच्या डोक्यावर उभा आहे. वरच्या दिवाणखान्यातली शेकोटी रस्त्याकडच्या भिंतीत, बरोबर दाराच्या वर, आणि तिचं ओझं पेलतेय दाराची कमान.

बाबा बराच वेळ त्याकडे बघत राहिले. "म्हणजे विस्तवाखालून माणसं ये-जा करायची."

"हो."

"आपल्याकडे चूल सगळ्यांत आत. परक्याची सावली पडू नये तिथे. ह्यांनी पार रस्त्यावर आणून ठेवली."

यातलं मर्म मला त्यांनी म्हटल्यावर उमगलं. बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बहुतेक घरांत विस्तव खोलीच्या मधोमध जमिनीवर पेटायचा आणि धूर छपरातून वाट मिळेल तसा जायचा. भिंतीतली शेकोटी आणि तिचं बांधीव धुराडं म्हणजे नवी चैन होती. ते परसदारी लपवायचं की दर्शनी भिंतीवर दाराच्या डोक्यावर मिरवायचं? ज्याने हे बांधलं त्याला पेठेतून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं होतं की वर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत धूर जात नाही. खाली दुकानं किंवा कोठारं, मधून मागे जाणारी बोळासारखी वाट, वर राहतं घर. खाली दुकान, वर बिऱ्हाड ही रीत अलिबागच्या बाजारात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

दगडी घर हीच त्या काळात श्रीमंती होती. गाव सगळं लाकडाचं, छपरं गवताची, आग लागली की आळीच्या आळी जायची. लंडनमध्ये बाराव्या शतकाच्या अखेरीला नियम लिहिले गेले की दोन घरांमधली सामाईक भिंत दगडी बांधा, तीन फूट जाडीची. आग हेच कारण. ('सामाईक भिंत' म्हणताच बाबा माझ्याकडे वळले. "वाद झाल्याशिवाय कुणी असा नियम लिहीत नाही," म्हणाले.) तर लिंकनसारख्या लोकरीच्या आणि कापडाच्या व्यापारावर गब्बर झालेल्या गावात काही लोकांनी दगडात घरं बांधली. एकेकाळी असं म्हणायची पद्धत होती की ज्यू सावकारांना जिवाची भीती, म्हणून दगडी घरं त्यांची. अभ्यासक आता हे फारसं मानत नाहीत. ऐपत असलेले ख्रिस्ती व्यापारीही दगडातच बांधत होते. या घराचा पहिला दगड ज्यू माणसाने रचला की आणखी कुणी, हे भिंत सांगत नाही. नाव आलं ते शंभरेक वर्षांनंतरच्या एका मालकिणीवरून.

"ज्यू म्हणजे आपले शनिवार तेली ना?" बाबांनी विचारलं.

हो, म्हटलं तर तेच. आमच्या अलिबागेत इस्रायल आळी आहे. मागेन अबोथ सिनेगॉग आहे, १८४८ सालचं. बेने इस्रायली लोक कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनिवार तेली. आडनावं गावांवरून, आपल्यासारखीच करान्त. बोलणं मराठी, नऊवारी मराठी, आणि नवसाला एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा. बाबांच्या वर्गात त्यांच्यातला एक मुलगा होता. साठच्या दशकात त्याचं कुटुंब इस्रायलला गेलं. पुढे तो दोन-तीनदा आला, समुद्रावर बसून बाबांशी शाळेतल्या मास्तरांबद्दल बोलला. तेव्हा 'ज्यूचं घर' म्हटल्यावर बाबांच्या डोळ्यांसमोर घाणा आला, मलिदा आला, बाकावरचा मित्र आला. युरोपात हेच दोन शब्द उच्चारले की काय काय उभं राहतं ते त्यांना भिंतीपाशीच उभं राहून सांगावं लागलं.

नॉर्मन राजांच्या मागोमाग फ्रान्सच्या रुआं गावाकडून ज्यू इंग्लंडमध्ये आले. जमीन कसायची नाही, कारागिरांच्या संघात शिरायचं नाही. उरला पैशाचा व्यवहार, आणि चर्चने ख्रिस्ती माणसाला व्याज निषिद्ध ठरवलेलं. राजाने त्यांना आपली खास रयत मानलं. त्यांच्यावर वाटेल तसा कर बसवायचा हक्क त्याचा, आणि त्यांच्या मालमत्तेवर शेवटची नजरही त्याची. याच गावच्या, लिंकनच्या आरोनचं उदाहरण सगळ्यांत मोठं. हा माणूस ११८६ मध्ये वारला तेव्हा इंग्लंडमधल्या सगळ्यांत श्रीमंतांपैकी एक होता. मोठमोठे मठ त्याचे कर्जदार. दुसऱ्या हेन्रीने त्याची इस्टेट ताब्यात घेतली. रोकड आणि जडजवाहीर फ्रान्सला नेताना जहाज बुडालं. आणि येणी? चारशेहून जास्त कर्जदार, पंधरा हजार पौंडांच्या घरातला आकडा. ती वसूल करायला राजाच्या खजिन्यात आरोनच्या नावाचं वेगळं खातंच उघडावं लागलं.

"सरकारजमा," बाबा म्हणाले. "वारस डावलून."

मग ११९० मध्ये देशभर दंगली. यॉर्कला किल्ल्यात कोंडलेले दीडशेच्या आसपास ज्यू मेले. लिंकनचे वाचले, किल्ल्यात आसरा मिळाला म्हणून. इथला बिशप ह्यू दंगलखोरांना आडवा गेला होता. तो १२०० मध्ये वारला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेत ज्यूही रडत चालले होते असं त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय. त्यानंतर पंचावन्न वर्षांनी दुसरा एक ह्यू, नऊ वर्षांचा पोरगा, विहिरीत मेलेला सापडला. ज्यूंनी त्याचा धर्मविधीसाठी बळी घेतला अशी आवई उठली. राजा तिसरा हेन्री स्वतः लिंकनला आला. एकोणीस ज्यू फासावर गेले, पोराला लोकांनी संत मानलं, कॅथीड्रलमध्ये त्याची समाधी झाली, भाविकांची रीघ लागली.

आणि मग बेलासेट.

परंपरेने हे घर बेलासेटचं मानतात. वॉलिंगफोर्डच्या सॉलोमनची मुलगी. तिथले ज्यू घरात फ्रेंच बोलायचे आणि बेलासेट हे नाव 'बेल' आणि 'असे' या दोन जुन्या फ्रेंच शब्दांचं, म्हणजे चांगलीच देखणी. आपल्याकडे सुरूपा ठेवतील तसं. एका माणसाच्या घरात मुलगी जन्मली आणि तो हरखून गेला, एवढं त्या नावातून अजून कळतं. तिच्याबद्दल दुसरी नोंद एवढीच की नाणी कातरल्याच्या आरोपावरून तिला फाशी दिलं.

त्या वेळचा चांदीचा पेनी हातोड्याने ठोकून पाडायचे. कडा कधीच एकसारखी नसायची. कडेची चांदी कातरून घ्यायची, नाणं पुढे चालवायचं, कातरण वितळवायचं, हा धंदा सर्रास चाले आणि तो करणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक होते. पहिल्या एडवर्डने १२७८ मध्ये देशभरच्या ज्यूंना एकाच झपाट्यात अटक केली. एकट्या लंडनमध्ये दोनशेहून अधिक ज्यू लटकवले गेले. ख्रिस्ती गुन्हेगारांपैकी बरेच दंड भरून सुटले. व्याजावर राजाने तीन वर्षं आधीच बंदी घातली होती. दूध देईनाशी झालेली गाय दावणीला कोण ठेवतो? १८ जुलै १२९० ला हुकूम निघाला की १ नोव्हेंबरच्या आत सगळ्या ज्यूंनी इंग्लंड सोडावं. दोन-तीन हजार माणसं. आपल्याकडचा तडीपार हा शब्द इथे अक्षरशः लागू पडतो, त्यांना समुद्राच्या पलीकडच्या तडीला घालवलं. जाताना सोबत नेता येईल तेवढं न्यायची मुभा होती. घरं राहिली.

आणि राहिलेल्या घरांची सरकारने यादी केली. घर कोणाचं, किती किमतीचं, भाडं काय येईल. फाशी गेलेल्यांची, हद्दपार झालेल्यांची, सगळ्यांची मालमत्ता राजाकडे आली होती आणि राजाला ती विकायची होती. लिंकनमधल्या ज्यूंची घरं त्या याद्यांमुळेच इतिहासाला ठाऊक आहेत. बेलासेटसारख्या माणसांची नावं तिथल्या कारकुनांनी लिहिली ती आठवण म्हणून नव्हे. जप्तीचे कागद पुरे करायचे होते.

मी हे सांगत असताना बाबा गप्प होते. नोकरीत त्यांनी अशा किती याद्या केल्या असतील, भूसंपादनाच्या, अतिक्रमणाच्या. थोड्या वेळाने म्हणाले, "इस्रायल आळीतलं एक घर विकलं गेलं ना, त्याचा फेरफार माझ्या हातचा आहे. तिकडे गेलेले ते लोक सहीसाठी मुद्दाम आले होते. खरेदीखत, नोटीस, हरकतीची मुदत, साक्षांकन, सगळं रीतसर. म्हातारीने सही केली आणि ओटीवर जाऊन बसली अर्धा तास. मी काही उठवलं नाही." मग पुन्हा भिंतीकडे बघून, "हिला कुणी नोटीस दिली नसणार."

त्याच लिंकनमध्ये त्याच सुमाराला आणखी एक बेलासेट होती, रब्बी बेरेखियाची मुलगी. तिने १२७१ साली आपल्या ज्युडिथचं लग्न ठरवलं. लग्नाचा करार आज वाचायला मिळतो. मुलीला द्यायच्या गोष्टींत रोख रक्कम आहे आणि चामड्यावर हाताने लिहिलेला हिब्रू बायबलचा ग्रंथ आहे. सोन्याच्या पाटल्या नाहीत, ग्रंथ. एक बेलासेट फासावरच्या नोंदीतून कळते, दुसरी लग्नाच्या यादीतून. दोघींत मला नेहमी घोळ होतो आणि तो होऊ नये म्हणून मी मुद्दाम इथे लिहून ठेवतेय.

घराला लागूनच वरच्या अंगाला 'ज्यूज कोर्ट' नावाची जुनी इमारत आहे. १९३०च्या सुमारास गलिच्छ वस्ती निर्मूलनाच्या नावाखाली ती पाडायला निघाले होते, स्थानिक इतिहासप्रेमींनी वाचवली. तिच्यात एक विहीर दाखवायचे. बाळ ह्यू सापडला ती हीच, म्हणून. पैसे देऊन लोक बघायचे. पुढे उघडकीला आलं की विहीर विसाव्या शतकात खोदून घेतलेली आहे. पर्यटक वाढावेत म्हणून! सातशे वर्षं जुन्या खोट्या आरोपाला नवा कोरा पुरावा. पुढे १९५५ मध्ये कॅथीड्रलमध्ये ह्यूच्या समाधीपाशी चर्चने पाटी लावली, की असल्या बनावट कथांनी निरपराध ज्यूंचे बळी घेतले आणि हे ख्रिस्ती धर्माला भूषणावह नाही. नंतर तिथला मजकूर अजून नीट केला. पाटी वाचताना बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. इंग्रजी सगळं कळलं की नाही, विचारलं नाही मी.

पण मी पुढे गेले. त्या भिंतीपाशी अजून दहा मिनिटं जायची होती, कारण बाबांना सांध्यात चुना दिसला.

दगडांच्या मधला एक सांधा त्यांनी नखाने हलकेच खरवडला. पांढरट भुकटी नखात आली. त्यांनी ती दोन बोटांत चोळली, वास घेतला, आणि मला दाखवली. "चुना आहे. सिमेंट नाही. शहाणा गवंडी." आमच्या आजोबांच्या घराला चुन्याची घाणी लागली होती. दगडी चाक, खाली गोल चर, बैल फिरतोय, चुना-वाळू दळली जातेय. बाबांनी लहानपणी त्या बैलामागे फेऱ्या मारलेल्या. जुना मऊ दगड पाणी पितो आणि पुन्हा श्वासागत बाहेर टाकतो. चुन्याचा सांधा ते होऊ देतो, आणि झिजायचंच झालं तर दगडाच्या आधी स्वतः झिजतो. सांधा पुन्हा भरता येतो. सिमेंट भरलं तर पाणी दगडातच अडकतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि दगडाचा पापुद्रा उडतो. सांधा शाबूत, दगड गेला. इंग्लंडमध्ये गेल्या शतकात भल्या हेतूने सिमेंट भरून किती भिंतींचं वाटोळं झालंय! आता जुन्या घरांच्या दुरुस्तीत पुन्हा चुना आलाय.

"आता हे घर कुणी पाडू शकत नाही?" बाबा.

नाही. हे घर पहिल्या श्रेणीतलं संरक्षित घर आहे. इथे अशा इमारतीला 'लिस्टेड' म्हणतात, सरळ मराठीत यादीतली. ब्रिटनमधला स्मारकांचा पहिला कायदा १८८२ चा. पण त्यात बहुतेक स्टोनहेंजसारखी प्राचीन दगडांची वर्तुळं नि टेकाडं. ज्यात माणूस राहतो त्या घराला हात लावायला पार्लमेंट धजत नव्हती, कारण इंग्रजाला मालकीहक्क फार प्रिय. दुसऱ्या महायुद्धात बाँब पडले, पडक्या इमारतींतली कुठली पाडू नये हे ठरवायला घाईघाईने याद्या कराव्या लागल्या, आणि त्यातून १९४४ आणि १९४७ च्या नगररचना कायद्यांत ही पद्धत रुजली. आज यादीत चारेक लाख नोंदी आहेत आणि पहिल्या श्रेणीत त्यातल्या जेमतेम अडीच टक्के. यादीत नाव आलं की परवानगीशिवाय खिडकी बदलणं हा गुन्हा. दंड, प्रसंगी कैद. मालकाला हे जड जातं, आणि मला त्यांची तक्रार खोटी वाटत नाही. नवीन घर बांधाल तर व्हॅट शून्य आणि आठशे वर्षांचं घर दुरुस्त कराल तर वीस टक्के, हा कुठला न्याय? जपा म्हणायचं आणि जपणाऱ्यालाच बिल लावायचं.

बाबांना हे सगळं सांगताना मला आमचं अलिबागचं घर आठवत होतं. कौलारू, ओटी, माजघर, मागे विहीर. २०११ मध्ये बिल्डरला दिलं. कुठल्याच यादीत नव्हतं ते. असायचं कारणही नव्हतं, तशी घरं तेव्हा आळीला आठ-दहा होती. सही बाबांनीच केली. आज तिथे तीन मजली इमारत आहे आणि दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. आई खूश आहे, लिफ्ट आहे, मोरी घसरडी नाही. त्या विषयावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

चढ चढून थोडं वर गेलं की आणखी एक बाराव्या शतकातलं दगडी घर लागतं. त्याचीही जोडकमानीची खिडकी. त्याला पूर्वी 'आरोन द ज्यूचं घर' म्हणायचे. आरोन तिथे राहत होता याला पुरावा नाही असं ठरलं आणि नाव बदलून 'नॉर्मन हाउस' झालं. अभ्यासाच्या दृष्टीने बरोबरच आहे, माझी तक्रार नाही. तरी मला वाटलं, केवढा तो व्यवहारी हिशेब. ज्या माणसाच्या नावाचं खातं राजाच्या खजिन्यात होतं त्याचं नाव एका पाटीवरून गेलं, आणि जिच्याकडे काही उरलं नव्हतं तिच्या घरावर जमातीचं का होईना नाव राहिलं. ज्यूंना इंग्लंडमध्ये पुन्हा उघडपणे राहता आलं ते १६५६ नंतर. मधली साडेतीनशे वर्षं गावात ते नव्हते.

वर कॅथीड्रल बघितलं. भव्य आहे, त्याबद्दल खूप लोकांनी लिहिलंय. उतरताना गुडघ्याचे हाल जास्त होतात, म्हणून बाबा दांडा धरून, आडवे पाय टाकत उतरले. त्या घरापाशी रेस्टॉरंटमध्ये दिवे लागले होते. मी विचारलं, आत बसायचं का? त्यांनी पाटीवरचे दर वाचले, मनात शंभराने गुणलं असावं, आणि म्हणाले, "घरी आईने पिठलं केलं असेल." मग दर्शनी भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत गेले. एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, ती सभ्यपणे थांबली. बाबांनी तिला मान लवून वाट दिली आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

परतीच्या गाडीत न्यूअर्क यायच्या आत त्यांनी खिशातली छोटी डायरी काढली. मी आधी झोप लागल्याचं सोंग करून आणि मग सरळच वाकून बघितलं. मालमत्ता पत्रकाचे रकाने आखले होते, पट्टीशिवाय पण सरळ.

क्षेत्र: दर्शनी रुंदी पावलांनी, मागची बाजू मोजता आली नाही.

सुविधाधिकार: मधल्या बोळातून मागे जाण्याचा.

हक्काचा मूळ धारक: माहीत नाही.

त्याखाली व्यवहारांचा तक्ता. पहिली ओळ: बेलासेट, सॉलोमन यांची मुलगी, रा. वॉलिंगफोर्ड, हल्ली लिंकन. दुसरी ओळ: सरकार. तिसऱ्या ओळीत 'हॉटेल (भाडेपट्टा?)' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह.

पहिल्या ओळीतून दुसरीकडे जाताना साक्षांकनाचा रकाना येतो. तिथे अधिकाऱ्याची सही लागते, नोटीस बजावल्याची तारीख लागते. बाबांनी तिथे पेन टेकवलं, उचललं.

"पुढचं स्टेशन कुठलं?" त्यांनी विचारलं.